रांगण्यापासून पुन्हा आरंभ

हाड मोडले तर ते काही आठवड्यांत सांधते. कातडीवरील जखम भरून येते. मेंदूचे तसे नाही. रक्तस्रावाने, गुठळीने किंवा आघाताने ज्या मज्जापेशी नष्ट होतात त्यांची जागा सहसा नव्या पेशी घेत नाहीत. आणि तरीही अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला मनुष्य पुष्कळदा चालू लागतो, हरपलेली वाचा हळूहळू परत येते. हे कसे घडते, हे समजून घेण्यास एका कुटुंबाची हकीकत उपयोगी पडते.

पेद्रो बाक-ई-रीता हे मूळचे कॅटलोनियाचे कवी व विद्वान. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात ते अध्यापन करीत. १९५९ च्या सुमारास, वयाच्या साठीनंतर, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. एक अंग लुळे पडले, वाचा गेली. चार आठवड्यांच्या उपचारांनंतरही सुधारणा दिसेना, तेव्हा याहून अधिक आशा बाळगू नये, असे घरच्यांना सांगण्यात आले.

त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकाचे शिक्षण घेत होता. पुनर्वसनाच्या शास्त्राशी त्याचा परिचय नव्हता. वडिलांना त्याने आपल्या घरी आणले आणि साधा विचार केला : मूल चालण्यापूर्वी रांगते, तेव्हा आपणही रांगण्यापासून आरंभ करावा. दुबळा खांदा भिंतीला टेकवून वृद्ध प्राध्यापक रांगू लागले. हा क्रम कित्येक महिने चालला. पुढे ते बागेत रांगू लागले, तेव्हा शेजाऱ्यांना ते रुचले नाही. एवढ्या विद्वान माणसाला जनावरासारखे रांगावयास लावणे त्यांना अशोभनीय वाटले. जॉर्जने तिकडे लक्ष दिले नाही.

घरातील प्रत्येक काम हाच व्यायाम झाला. जमिनीवर टाकलेल्या गोट्या पकडावयाच्या, दुबळ्या हाताने नाणी उचलावयाची. भांडी घासताना चांगल्या हाताने भांडे धरावयाचे आणि दुबळा हात आतून गोल फिरवावयाचा, काही वेळ एका दिशेने, मग उलट दिशेने. रांगण्यानंतर गुडघ्यांवर उभे राहणे, मग पायांवर, मग चालणे, अशा पायऱ्या ते चढत गेले. वाचाही परतू लागली. लिहिण्याची इच्छा झाली तेव्हा टंकलेखनयंत्रावर बोट रोखून ते सारा हातच खाली टाकीत; पुढे केवळ मनगट हलू लागले, नंतर एकेक बोट. अखेर ते पुन्हा वर्गात शिकवू लागले.

१९६५ मध्ये कोलंबियातील डोंगर चढत असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात जे आढळले ते त्यांचा दुसरा मुलगा, वैद्यकीय संशोधक पॉल, याला चकित करणारे होते. मस्तिष्कस्तंभातील मोठी इजा तशीच राहिली होती. मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे बहुतेक तंतू नष्टच होते. म्हणजे जखम बरी झाली नव्हती. वाचलेल्या थोड्या तंतूंनी आणि मेंदूच्या शाबूत भागांनी नवे काम शिकून घेतले होते. पॉलने पुढील आयुष्य मेंदूच्या या घडणक्षमतेच्या अभ्यासाला वाहिले.

पहिल्या काही आठवड्यांतील सुधारणा बरीचशी सूज उतरल्यामुळे आपोआप होते. त्यानंतरची सुधारणा ही शिकण्याची प्रक्रिया होय, आणि कोणत्याही शिक्षणाप्रमाणे ती पुनरावृत्तीवर अवलंबून असते. न वापरलेला हात अधिकच निरुपयोगी होत जातो. म्हणून रुग्णाची प्रत्येक गोष्ट आपणच करून देणारे प्रेम त्याच्या शिक्षणाच्या आड येते. तसेच झेपणार नाही एवढे काम देणारी घाईही त्याला खचविते. कालच्यापेक्षा किंचित अवघड असे काम आज देणे, यात घरच्यांचे खरे कौशल्य असते. त्याला वैद्य व व्यायामोपचारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याची जोड हवीच.

प्रत्येक रुग्ण पेद्रोंइतका सुधारेल असे मात्र नाही. इजा कोठे व किती, वय किती, यांवर पुष्कळ अवलंबून असते. कोणी पुन्हा अध्यापन करील, कोणी केवळ आपल्या हाताने घास घेऊ शकेल. परंतु जो काल भरवून घेत होता, त्याच्यासाठी आणि त्याच्या घरासाठी तो घासही लहान नसतो.