शाळा सुटली, शिक्षण सुटूं नये

शाळेचा दाखला हातीं पडला म्हणजे शिक्षणाचें खातें कायमचें बंद झालें, अशी समजूत आमच्या समाजांत अद्यापि दृढ आहे. व्यापारी आपल्या खतावणीचा मेळ दरवर्षीं घालतो. परंतु गेल्या दहा वर्षांत आपल्या ज्ञानाच्या खात्यावर काय जमा झालें, हा हिशेब कोणी मांडीत नाहीं. या आळसाची किंमत किती जबर असते, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें पालघर तालुक्यांतील मुरबे या मच्छीमार गांवाकडे पाहावें.

सातपाटीच्या खाडीपलीकडील या गांवाच्या किनाऱ्यावर मोठें बंदर बांधण्याचा प्रस्ताव पुढें आलेला आहे. बंदर व्हावें कीं न व्हावें, हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न त्याच्याही अगोदरचा आहे. ज्यांच्या चरितार्थाशीं या गोष्टीचा संबंध, त्यांस प्रकल्पाचे कागद स्वतः वाचतां येतात काय? २००६ सालच्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनें अशा प्रकल्पांसाठीं जनसुनावणीची वाट घालून दिली आणि तिच्यापूर्वीं लोकांस निदान ३० दिवसांची मुदत ठेवली. परंतु लोकभाषेंत द्यावयाचा तो अहवालाचा केवळ सारांश. संपूर्ण अहवाल सामान्यतः इंग्रजींतच असतो. आणि तो सारांशही प्रकल्प मांडणाऱ्याच्याच बाजूनें तयार होऊन येतो. प्रतिपक्षानें काढून दिलेल्या गोषवाऱ्यावर विसंबून कोणता शहाणा वकील कोर्टांत उभा राहील?

गोषवाऱ्यावर विसंबूं नये, मुळापर्यंत जावें, हा धडा युरोपांतील जुन्या ख्रिस्ती विद्यापरंपरेनें चांगला घोटविला होता. तेथील पाठशाळांत व्याकरण, तर्क व वक्तृत्व हीं तीन शास्त्रें सर्व विद्येचा पाया मानीत. आधीं शब्द समजावा, मग त्यांतील खरेंखोटें पारखावें, आणि अखेरीस आपलें म्हणणें चारचौघांपुढें नीट मांडावें. आमचे शास्त्रीही व्याकरण, न्याय व अलंकार शिकवीत आलेच आहेत. तेव्हां ही रीत परकी म्हणून झिडकारण्याचें कारण नाहीं. पुढें मार्टिन ल्यूथरनें मूळ ग्रीक ग्रंथ समोर ठेवून नवा करार जर्मन भाषेंत उतरविला, तो १५२२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि सामान्य माणसाच्या हातीं तो ग्रंथ त्याच्या स्वतःच्या भाषेंत पडला.

महाराष्ट्रांत या दोन्ही परंपरा एकाच व्यक्तीच्या ठायीं एकत्र आल्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं संस्कृत विद्या घरींच आईबापांपाशीं मिळविली आणि १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या धर्मांतराविषयीं ज्याचें मत त्याच्यापाशीं असो. परंतु केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें शेंकडों निराश्रित स्त्रियांचा व्याप सांभाळीत असतां, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनीं संपूर्ण बायबल मराठींत आणण्याचें काम अंगावर घेतलें. त्यासाठीं हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि मृत्यूपर्यंत तें काम सोडलें नाहीं. साध्या बायकांस कळावें म्हणून भाषा सोपी ठेवली. छपाईही आश्रमांतील स्त्रियांकडूनच करविली. जिला पंडितांनीं ‘पंडिता’ म्हटलें, तिला पुन्हां मुळाक्षरें गिरविण्यांत लाज वाटली नाहीं!

उदाहरणासाठीं केडगांवापर्यंत जावयासही नको. याच पालघर जिल्ह्यांत अनुताई वाघ यांनीं जन्म वेंचला. त्या बालविधवा. नोकरी सांभाळून रात्रशाळेंत शिकून त्या १९३७ सालीं मॅट्रिक झाल्या. १९४५ पासून ताराबाई मोडकांच्या बरोबर बोर्डीस, व पुढें कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांस शिकवीत असतांच १९६१ सालीं, ५१ व्या वर्षीं, त्यांनीं बी. ए. ची पदवी मिळविली. शिकविणाऱ्यानेंही शिकत राहावें, याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

आतां मुरब्याकडे वळूं. पावसाळ्यांत समुद्रावरची मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेवढे दिवस आठवड्यांतून दोन संध्याकाळीं गांवांत वाचनवर्ग भरावा. पालघरच्या वकिलांनीं कायद्याचा कागद घेऊन यावें. बोईसरच्या कारखान्यांतील इंजिनियरांनीं नकाशे व आंकडे उलगडावेत. शिक्षकांनीं मुलांप्रमाणेंच त्यांच्या आईबापांसही वाचावयास बसवावें. मासळी विकणाऱ्या बायांस या वर्गांत पहिली जागा असावी, कारण घराचा हिशेब त्याच राखतात. एका बैठकीस एकच पान घ्यावें. शब्दांचा अर्थ लावावा, विधान खरें कीं खोटें तें आपल्या अनुभवावर घासून पाहावें, आणि उठण्यापूर्वीं एक प्रश्न स्वहस्तें मराठींत लिहून काढावा. व्याकरण, तर्क व वक्तृत्व तीं हींच.

व्यापारी बंधूंकडे आमचें मागणें फार मोठें नाहीं: एक खोली, दिवाबत्ती आणि चार कोश. ज्या गिऱ्हाइकास कागद वाचतां येतो तें गिऱ्हाईक फसत नाहीं, ही भीति प्रामाणिक व्यापाऱ्यास नसावी. जो गांव आपला अहवाल आपण वाचतो, त्याचा होकारही वजनदार ठरतो आणि नकारही. जो वाचीत नाहीं, त्याच्या वतीनें दुसराच कोणी सही करून मोकळा होतो.