तिनं फोन केला होता

बारमध्ये ओळख झालेला तरुण रात्री घरी सोडायला येतो आणि थांबतो. सकाळी लिझला जाग येते, तेव्हा शेजारी तो नाही आणि तिची लहान मुलगीही जागेवर नाही. काळजात धस्स होऊन ती धावते. स्वयंपाकघरात तो ॲप्रन बांधून नाश्ता करत उभा असतो. पोर मजेत असते. लिझचा जीव भांड्यात पडतो.

जो बर्लिंजर यांच्या ‘एक्स्ट्रीमली विकेड, शॉकिंगली इव्हिल अँड व्हाइल’ या २०१९ च्या चित्रपटातला हा प्रसंग. तो तरुण म्हणजे टेड बंडी. त्यानं पुढे तीस खुनांची कबुली दिली आणि २४ जानेवारी १९८९ रोजी फ्लोरिडात विजेच्या खुर्चीवर त्याला देहदंड झाला. झॅक एफ्रॉननं तो साकारला आहे, लिली कॉलिन्सनं लिझ. चित्रपटाला आधार आहे तो लिझनं एलिझाबेथ केंडॉल या नावानं १९८१ मध्ये लिहिलेल्या आठवणींचा. रक्तपात पडद्यावर जवळजवळ नाहीच. लिझनं जे पाहिलं तेवढंच आपण पाहायचं, असा दिग्दर्शकाचा बेत.

अशा बाईबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात: इतकी वर्षं सोबत राहून हिला कळलं कसं नाही?

तिला संशय आला होता. १४ जुलै १९७४ ला सिएटलजवळच्या लेक सॅमामिशच्या काठावरून, रविवारच्या भर गर्दीतून दोन तरुणी नाहीशा झाल्या. हात गळ्यात बांधलेला एक देखणा तरुण होडी गाडीवर चढवायला मदत मागत फिरत होता, नाव टेड सांगत होता, असं साक्षीदारांनी सांगितलं. वर्तमानपत्रात रेखाचित्र आलं, फोक्सवॅगन बीटलचा उल्लेख आला. लिझच्या टेडकडे तीच गाडी होती. त्याच्या सामानात तिनं प्लास्टर ऑफ पॅरिस पाहिलं होतं, कुबड्याही पाहिल्या होत्या. प्रत्येक वस्तूचं त्याच्याकडे पटण्याजोगं उत्तर असायचं. तरीही तिनं पोलिसांना फोन केला. तो युटाला कायदा शिकायला गेल्यावर तिकडच्या पोलिसांनाही कळवलं. त्याच्यावरचं प्रेम मात्र सुटत नव्हतं. आपण एका निरपराध माणसाचा घात करतोय, ही टोचणी त्या फोनपाठोपाठ तिला लागून राहिली.

पोलिसांकडे तेव्हा हजारो नावं आली होती. त्यांत बंडीचं नाव एकट्या लिझनं दिलं नव्हतं. पुढे गुन्हेकथालेखिका म्हणून गाजलेली ॲन रूल त्याच्यासोबत सिएटलच्या एका हेल्पलाइनवर बसायची. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांशी तो तिथे शांतपणे, आपुलकीनं बोलत असे. तिनंही त्याचं नाव कळवलं होतं. पण पदवीधर, नीटनेटका, पोलिसांच्या दप्तरी काही डाग नसलेला तरुण असं करील, हे कुणाच्या मनात बसेना. त्या मोहिनीत लिझ एकटी सापडली नव्हती. तिला जे वाटत होतं तेच तपास करणाऱ्यांनाही वाटत होतं. ऑगस्ट १९७५ मध्ये युटात एका गस्तीवरच्या पोलिसानं त्याची गाडी अडवली आणि आत बेड्या, मुखवटा, पहार सापडली, तेव्हा कुठे धागे जुळू लागले.

माझी चित्रपटावरची खरी तक्रार इथेच आहे. लिझनं त्याचं नाव दिलं होतं, ही गोष्ट तो राखून ठेवतो आणि बऱ्याच उशिरा, धक्का म्हणून उघड करतो. फोन हातात घेतलेली, नंबर फिरवू की नको अशा घालमेलीत असलेली ही बाई म्हणजे सबंध कथेचा गाभा. तीच आपल्याला दिसत नाही. उत्तरार्धात तर कॅमेरा तिला सोडून मायामीच्या कोर्टात रमतो. १९७९ चा तो खटला टीव्हीवर दाखवला गेला आणि बंडीनं स्वतःच्या बचावाची सूत्रं हातात घेऊन त्याचा रंगमंच केला. चित्रपटाचं लांबलचक नाव न्यायाधीश एडवर्ड कॉवर्ट यांच्या निकालातून आलं आहे. मृत्युदंड सुनावून झाल्यावर त्याच न्यायाधीशांनी, तू चांगला वकील झाला असतास, अशी हळहळ त्याच्याजवळ व्यक्त केली. ज्या मुली मारल्या गेल्या, त्याही काही तरी झाल्या असत्या. त्यांची नावं शेवटी पडद्यावर येतात, तेव्हा मी उठू शकलो नाही.

शेवटच्या भेटीत लिझ त्याला तुरुंगाच्या काचेपलीकडून खरं काय ते विचारते आणि तो काचेवर वाफ सोडून बोटानं करवतीचं नाव लिहितो. प्रत्यक्षात अशी भेट झाली नाही. पण लिली कॉलिन्सचा चेहरा त्या क्षणी जे सांगतो ते खोटं वाटत नाही.

आठवणींचं ते पुस्तक २०२० मध्ये पुन्हा निघालं. त्यात एक नवं प्रकरण आहे, लिझच्या मुलीचं. बंडीनं आपल्या लहानपणी आपल्याशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल तिनं त्यात स्वतः लिहिलं आहे. नाश्त्याच्या त्या सकाळी स्वयंपाकघरात मजेत असलेली पोर ती हीच.