लेकीची इंटर्नशिप आणि विकतचा कागद

आमची थोरली लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली, तेव्हा एका संध्याकाळी तिने घरात सांगितले, "यंदा कंपनीत इंटर्नशिप करायची आहे. त्याला मार्क आहेत. आणि कंपनी आपली आपणच शोधायची."

आम्ही दोघे नवराबायको ताडीवाला रोडच्या वस्तीत राहतो. एकजण भोसरीच्या शेडमध्ये फिटर, दुसरी चार घरचा स्वयंपाक करणारी. कारखान्यात हजेरी लावणारे नातेवाईक आम्हाला पुष्कळ. पण फोन उचलून "या मुलीला घ्या" म्हणेल असा साहेब ओळखीचा एकही नाही. त्या वर्षात आम्ही काय पाहिले आणि कोणत्या चुकीतून थोडक्यात वाचलो, ते आपल्या वाचक कुटुंबांच्या कामी यावे म्हणून हे लिहीत आहोत.

हे शिक्षण तरी कशाचे?

लेकीने घेतलेल्या शाखेचे नाव इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. मुले तिला 'ई अँड टीसी' म्हणतात. शेजारी विचारतात, "म्हणजे मोबाईल दुरुस्ती का?" दुरुस्ती त्यात येते, पण तेवढ्यावर ते संपत नाही. आवाज, चित्र, मजकूर यांचे विजेत, प्रकाशात किंवा लहरीत रूपांतर करायचे, ते दूर पाठवायचे आणि वाटेत मिसळलेला गोंगाट वेगळा काढून जसेच्या तसे परत मिळवायचे, असे हे शास्त्र आहे.

या शास्त्राची मोठी कामे आपल्याच पुणे जिल्ह्यात झालेली आहेत. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. देशातले ते पहिले व्यापारी उपग्रह-दळणवळण केंद्र. त्याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्राने १९९० च्या दशकात महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३० तबकड्या. विज्ञान दिनाला तेथे प्रदर्शन भरते, तेव्हा लेकीने आम्हाला नेले होते. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते, की ती मोठी करणाऱ्या यंत्राने स्वतःचा गोंगाट त्यात जवळजवळ मिसळताच कामा नये. मग तो संदेश काचेच्या तंतूतून मधल्या इमारतीत जातो.

आमचे लक्ष मात्र तबकडीच्या जाळीकडे गेले. पत्रा नाही, पोलादाच्या बारीक तारांची जाळी, बाज ताणावी तशी दोरखंडांवर ताणलेली. त्यामुळे वजन कमी, वारा आरपार जातो आणि खर्चही वाचतो. कल्पना गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, पण तार ताणली ती कामगारांच्या हातांनी. डोके आणि हात दोन्ही लागल्याशिवाय हे शास्त्र उभे राहत नाही, हे आम्हाला तेथे पटले.

पाव कॉलेजचा, वडा कारखान्याचा

शिक्षणाच्या मध्येच कारखान्यात पाठवण्याची पद्धत जुनी आहे. इंग्लंडात संडरलंडच्या तांत्रिक कॉलेजात ती १९०३ साली सुरू झाली, अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली. इंग्लंडात तिला 'सँडविच' म्हणतात. आपण वडापाव म्हणू: वरखाली पाव कॉलेजचा, मधला वडा कारखान्याचा. ब्रिटनमधल्या कितीतरी विद्यापीठांत शेवटच्या वर्षाआधी विद्यार्थी पूर्ण एक वर्ष उद्योगात काढतात.

आपल्याकडे तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक दिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात ती तिसऱ्या वर्षाला आली. आपल्या मुलांना वर्ष मिळत नाही, काही आठवडे मिळतात. म्हणूनच ते वाया घालवू नयेत.

चार हजारांचा मोह

वाया कसे जातात, ते ऐका. लेकीच्या आधी दोन वर्षे आमच्या भावकीतल्या एका मुलाने चार हजार रुपये भरून प्रमाणपत्र घेतले. एकही दिवस कामाला जावे लागले नाही. कॉलेजात कागद चालला, मार्कही मिळाले. पुढे मुलाखतीत साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला आणि साधा प्रश्न विचारला: ऑसिलोस्कोपचा प्रोब एकपटीवर आणि दहापटीवर ठेवला तर काय फरक पडतो? ज्याने एक दिवस जरी स्कोप हाताळला असेल तो सांगेल, की दहापटीवर संदेश दहा पटीने लहान होतो, पण प्रोबचा भार सर्किटवर कमी पडतो. पोर गप्प बसले. घरी आले ते दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

तरीही लेकीची वेळ आली तेव्हा आमचा पाय घसरतच होता. तिने अकरा ठिकाणी अर्ज पाठवले, नऊ ठिकाणांहून उत्तरच आले नाही. तारीख जवळ येत चालली. आम्ही भिशीचे पैसे काढून तिच्यासमोर ठेवले आणि म्हणालो, "घेऊन टाक कागद, वर्ष नको वाया." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तीस वर्षं फाईल मारून हात घडवला. मी काय कागद दाखवू?" आम्ही पैसे परत डब्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भोसरीच्या टपरीवर बोलणे काढले. एका वायरमनने सांगितले, की दोन गल्ल्या सोडून मोटारींचे कंट्रोलर बोर्ड बनवणारी शेड आहे, मालक स्वतः इंजिनिअर आहे. लेक गेली, भेटली, काम मिळाले. पैसे नाहीत, फक्त बसभाडे. पाच आठवडे. साहेबाची ओळख नाही म्हणून आम्ही कष्टी होतो. पण कोणत्या शेडमध्ये काय बनते हे कामगाराइतके कोणाला ठाऊक असते?

"आधी बोर्डाला हात लाव"

तिसऱ्या आठवड्यात एक बोर्ड परत आला. मोटार चालू करताना रिले 'टक' करून ओढला, की बोर्ड मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होई. कधी होई, कधी नाही. लेकीला वाटले प्रोग्रॅममध्ये चूक आहे. दोन दिवस तिने एकेक ओळ तपासली. तेथे जुळणीच्या टेबलावर आठवी शिकलेल्या एक ताई वीस वर्षे काम करतात. त्या म्हणाल्या, "प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी बोर्डाला हात लाव." त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक जोड हलकाच दाबला. एका जोडावर बोर्ड बंद पडला. भिंगातून पाहिले तर पायाभोवती केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर!

सोल्डर पुन्हा केला, बोर्ड चालला. मग लेकीने स्कोप लावून ताईंना दाखवले, की रिले ओढतो त्या क्षणी पुरवठ्याचा दाब कसा खाली जातो, आणि जोड सैल असेल तर तो जास्त का घसरतो. ताई म्हणाल्या, "वीस वर्षं करते, पण का होतं ते आज कळलं." त्या संध्याकाळी लेक घरी आली ती चहा निवेपर्यंत हेच सांगत होती.

आईला एक काळजी होती. शेडमध्ये बहुतेक पुरुष, मुलगी एकटी. पहिल्या दिवशी आम्ही सोबत गेलो, मालकाशी बोललो. इतरांनी हेही लक्षात ठेवावे, की कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे तक्रार समिती असावीच लागते; त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आईबापांनी एवढे करावे

मुलाने बारावी विज्ञान घेतले की त्याच वर्षी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज करावा. प्रवेशाच्या वेळी धावपळ नको. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना झाली. आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती खुल्या झाल्या. हा हक्क मिळाला म्हणून स्वस्थ बसू नये. शिष्यवृत्तीचा वा फ्रीशिपचा अर्ज दरवर्षी वेळेत भरला गेला का, ते मुलाला विचारावे.

इंटर्नशिपसाठी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून निघावे. कॉलेजचे पत्र, कामाच्या तारखा, काम कोणते आणि शिकवणार कोण, हे सुरुवातीलाच लेखी घ्यावे. मुलाला वही घेऊन द्यावी. रोज काय मोजले, काय बिघडले, काय सापडले ते त्यात लिहावे. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ही वही उपयोगी पडते.

पदवी वा डिप्लोमा झाल्यावरही वाट आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर आणि डिप्लोमाधारक इंजिनिअर आले. त्यांना उद्योगात एक वर्ष प्रशिक्षण मिळते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे विद्यावेतन दरमहा किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकाचे ८,००० रुपये ठरवले. पहिल्या नोकरीची वाट पाहत घरी बसण्यापेक्षा हे बरे.

आमच्या लेकीला दोन मुलाखतींत नकार आला. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी वही मागितली आणि केसाएवढ्या चिरेवर पंधरा मिनिटे प्रश्न विचारले. तिला घेतले. इंटर्नशिपच्या अहवालात आभाराच्या पानावर तिने मालकांच्या आधी जुळणीच्या टेबलावरच्या ताईंचे नाव लिहिले होते. ते पान आम्ही जपून ठेवले आहे.