जगलेल्या रोपाचे पैसे

बँकेत असताना एका पावसाळ्यात आमच्या शाखेने गावाबाहेरच्या माळावर दोनशे रोपे लावली. खड्डे, रोपे, कुंपण, फोटो, सगळी बिले मीच पास केली. पुढल्या वैशाखात एसटीतून जाताना पाहिले, तर माळावर नुसत्या काड्या उभ्या. फाइल मात्र बिनचूक होती!

केनियातल्या वांगारी मथाई यांच्याविषयी वाचताना ती फाइल आठवली. सरपणासाठी बायकांची वणवण, आटलेले ओढे हे पाहून त्यांनी १९७७ साली ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली. पहिल्या दिवशी नैरोबीत लावलेल्या सात झाडांपैकी बहुतेक मेली. पण बाई खचल्या नाहीत. खेड्यातल्या बायकांनी फुटक्या मडक्यांत रोपे वाढवली. पुढे नॉर्वेच्या फॉरेस्ट्री सोसायटीसारख्या परदेशी संस्थांनी हात दिला. बायकांना मोबदला मिळे तो लावलेल्या नव्हे, जगलेल्या रोपामागे. रक्कम अगदी किरकोळ. पण २००४ साली मथाईंना शांततेचे नोबेल मिळाले, तोवर तीन कोटी झाडे लागली होती.

एवढी साधी अट मला नोकरीत कधी सुचली नाही, याची खंत वाटते.

गेल्या जूनमध्ये कॉलनीतली मुले वृक्षारोपणाची वर्गणी मागायला आली. म्हटले, ‘निम्मी आज घ्या. निम्मी पुढल्या जूनमध्ये, रोप दाखवून.’ मुले जरा हिरमुसली. उरलेले पैसे पाकिटात घालून मी कपाटात ठेवले आहेत. ते न्यायला कुणीतरी यावे, एवढीच इच्छा आहे.