हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक व्हायचंय? आधी हे ऐका

मागे आपण मृत्युपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्राबद्दल बोललो, त्यानंतर तीन-चार श्रोत्यांनी विचारलं, की हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची? एका काकूंनी विचारलं, "माझं इंग्रजी बेताचं आहे हो, माझा काही उपयोग होईल का?" काकू, होईल. कसा, ते पुढे येतंच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. हॉस्पिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते, खाटांची रांग येते. लंडनला १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सुरू केलेलं सेंट क्रिस्टोफर्स किंवा मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन अशा वास्तू आहेतच. पण इथे अमेरिकेत हॉस्पिस ही मुख्यतः घरी येणारी सेवा आहे. आजार त्याच्या गतीने गेला तर सहा महिने किंवा त्याहून कमी काळ उरला आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेअर या सेवेचा खर्च उचलते. नर्स येते, अंघोळ घालायला मदतनीस येते, सोशल वर्कर येते, हवे असतील तर धर्मगुरू येतात. पलंग आणि ऑक्सिजनचं यंत्रही घरी येतं.

आणि स्वयंसेवक येतो. तो केवळ हौसेखातर येत नाही बरं का. मेडिकेअरचा नियमच आहे, की पगारी कर्मचारी रुग्णसेवेसाठी जितके तास देतात, त्याच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांनी द्यायला हवेत. म्हणजे शंभर तासांमागे पाच. त्यामुळे प्रत्येक हॉस्पिसला माणसं हवीच असतात. तुमच्या गावातल्या हॉस्पिसला फोन करून "व्हॉलंटिअर को-ऑर्डिनेटरशी बोलायचंय" एवढं म्हटलं, तरी गाडी सुरू होते.

मी फोन केला तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते. ते साताऱ्याला गेले, मी इथे न्यू जर्सीत, व्हिडिओ कॉलवर. भावाने त्यांच्या तोंडात गंगाजळ घातलं ते मी पडद्यावर पाहिलं. तिकीट काढून पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. मुलाखतीत को-ऑर्डिनेटर बाईंनी विचारलं, "अलीकडे घरातलं कोणी गेलं आहे का?" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "रुग्णाकडे जायला वर्षभर थांबा. तोवर ऑफिसात मदत करा." मला राग आला. फुकट काम करायला आलेल्या माणसाला परत पाठवतात? पण बऱ्याच हॉस्पिसमध्ये अशी वर्षभराची अट असते. ऑफिसातले तासही त्या ५ टक्क्यांत धरतात. मी वर्षभर नव्या कुटुंबांना द्यायच्या फायली भरल्या.

मग प्रशिक्षण. आधी पोलीस रेकॉर्डची तपासणी, टीबीची चाचणी, फ्लूची लस. मग वर्ग. आमचे दोन शनिवार आणि काही संध्याकाळी होते, ठिकाणाप्रमाणे हे बदलतं. गोपनीयतेचा कायदा आधी शिकवतात, आणि तो आपल्या लोकांनी नीट ऐकावा, कारण "अहो, ते अमुक काका हॉस्पिसवर आहेत म्हणे" हे वाक्य महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाच्या रांगेत म्हणायला आपल्याला दोन मिनिटं लागत नाहीत. स्वयंसेवकाने ते कधीच म्हणायचं नाही. मी आज सांगतोय त्या घराचेही तपशील बदलले आहेत.

एका खेळात आम्हाला चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येकीवर आपल्याला प्रिय असं काहीतरी लिहायचं: माणसं, छंद, वस्तू. मग शिक्षिका गोष्ट सांगत जाते आणि तुम्ही एकेक चिठ्ठी टाकत जाता. शेवटी तर ती स्वतःच येऊन, न विचारता, हातातली एक काढून घेते. रुग्णाचं नेमकं हेच झालेलं असतं. गाडी चालवणं गेलं, स्वयंपाक गेला, एकट्याने बाथरूमला जाणं गेलं. तिथे आपण "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" म्हणत शिरलो, तर तो माणूस भिंतीकडे तोंड फिरवतो.

काय करायचं नाही, याची यादी लांबलचक. औषध द्यायचं नाही, पैसे किंवा भेटवस्तू घ्यायच्या नाहीत, कागदपत्रांवर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, आपला देव दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही. विचारल्याशिवाय खायला-प्यायला द्यायचं नाही.

या शेवटच्या नियमाशी माझी गाठ पडली. मला एका गुजराती आजींकडे पाठवलं होतं. काम साधं: सून दोन तास बाजारहाट करून येईल, तोवर बसायचं. दुसऱ्या भेटीत सून निघायच्या तयारीत असताना आजी म्हणाल्या, "पाणी." मी उठलो, पेला भरला आणि त्यांच्या ओठांपर्यंत नेला. सून चप्पल तशीच टाकून धावत आली. आजींना गिळता येत नव्हतं. पातळ पाणी श्वासनलिकेत गेलं असतं. त्यांच्यासाठी काडीला लावलेला ओला स्पंज शेजारीच ठेवला होता. तो मला दाखवलेलाही होता.

मी गाडीत जाऊन बसलो आणि स्वतःच को-ऑर्डिनेटरना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "पाणी कोणाला द्यायचं होतं तुम्हाला?" एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षाच्या अटीचा अर्थ तेव्हा कळला. आणि खरं सांगायचं तर एक वर्षही मला पुरलं नव्हतं.

मग त्यांनी मला दुसरं काम दिलं. दर गुरुवारी संध्याकाळी वीसेक घरांना फोन करायचे. शनिवार-रविवारी नेहमीची नर्स नसते, म्हणून आधीच विचारून ठेवायचं: औषधं सोमवारपर्यंत पुरतील ना? डायपर आहेत? रात्री झोप लागते का? कमी पडत असेल ते लिहून नर्सकडे द्यायचं. इथे या फोनला 'टक-इन कॉल' म्हणतात, लेकराला पांघरूण घालून झोपवतात तसं. मला बोलायची सवय, हे काम जमलं. पाच मिनिटांचा फोन कधीकधी अर्ध्या तासाचा होतो, कारण पलीकडच्या माणसाला दिवसभरात कोणी "तुम्ही जेवलात का?" असं विचारलेलं नसतं.

कामं अनेक आहेत. काही जण शेवटच्या तासांत नुसते हात धरून बसतात, म्हणजे कोणी एकटं जाऊ नये. काही जण रुग्णाच्या आठवणी रेकॉर्ड करून घेतात. काही जण मृत्यूनंतर वर्षभर घरच्यांशी संपर्क ठेवतात. त्याचीही सोय हॉस्पिसने करायचीच असते.

आता काकूंचा प्रश्न. शेवटच्या दिवसांत, विशेषतः स्मृतिभ्रंश झालेल्यांना, इंग्रजी सोडून जाते आणि लहानपणची भाषा उरते. अशा आजोबांपाशी बसून मराठीत पावसाच्या, गावच्या गप्पा मारणारं माणूस को-ऑर्डिनेटरना सहज मिळत नाही. एक मात्र सांभाळा: नर्स आणि कुटुंब यांच्यामध्ये औषधोपचाराचं भाषांतर तुम्ही करू नका. घरचे गळ घालतील, तरी नाही. मॉर्फिनच्या मात्रेत एक शब्द चुकला तर फार महागात पडतो. फोनवर प्रशिक्षित दुभाषा मागता येतो, आणि तो विनामूल्य देणं हॉस्पिसवर बंधनकारक आहे.

आपल्या घरांतल्या आणखी दोन गोष्टी नर्सला आधीच सांगाव्या लागतात. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती पेटवायची नाही, आग भडकू शकते. बॅटरीचा दिवा चालतो. आणि तोंडात गंगाजळ घालायचं असेल, तर त्या ओल्या स्पंजाने ओठांना लावता येतं. काही घरांत शेवटी माणसाला जमिनीवर घेतात. तेही आधी बोललं तर नर्स वाट काढते, ऐनवेळी सांगितलं तर गोंधळ उडतो.

त्या आजी पुढे महिनाभर होत्या. त्यांच्या सुनेचा नंबर माझ्या गुरुवारच्या यादीत होता. पहिल्या फोनला मी नाव सांगताच ती हसली. "भाई," ती म्हणाली, "स्पंज संपत आलेत, आठवणीने पाठवा."

प्रश्न असतील तर नेहमीच्या क्रमांकावर निरोप ठेवा. पुढच्या रविवारी भेटू.