वस्ताद आणि त्यांच्या आख्यायिका

नगरजवळ शहा डोंगरावर एक तीनमजली, अष्टकोनी इमारत उभी आहे. वाटेत कोणाही गुराख्याला विचारा, तो सांगेल, "हा चांदबिबीचा महाल." वास्तविक ती निजामशाहीतला कारभारी सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढविला, हे खरे. पण लोकांना जे नाव प्रिय, त्याच्याकडे शेजारचे सगळेच ओढले जाते.

गावच्या तालमीतही असेच चालते. आमच्या गावच्या वस्तादांनी एकदा उधळलेला वळू शिंगाला धरून थोपविला, अशी गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. पुढे तीच गोष्ट कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने मला सांगितली, तोवर वळूचे दोन रेडे झाले होते!

आता एका थोर वस्तादाचेच उदाहरण घेऊ. मल्लखांबाचे आद्य गुरू म्हणून बाळंभटदादा देवधरांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी ते मल्लविद्येचे शिक्षक होते. त्यांची कथा अशी सांगतात : निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन बलाढ्य मल्ल पुण्यास आले. पेशव्यांच्या दरबारी कोणी पुढे होईना. तेव्हा तरुण बाळंभटदादांनी आव्हान स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि सप्तशृंगी गडावर जाऊन देवीची उपासना केली. तेथे स्वप्नात मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव शिकविले. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली.

यातले सत्य कोणते? पहिली चाळणी काळाची. बाजीराव १७९६ मध्ये गादीवर आला आणि १८१८ मध्ये राज्य गमावून ब्रह्मावर्तास गेला. दादांची पुण्यातील कारकीर्द त्या काळात नीट बसते. दुसरी चाळणी जुन्या ग्रंथांची. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख आहे. म्हणजे ही विद्या पेशवाईत प्रथम जन्मली नाही. दादांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि ती शिष्यांच्या हाती सोपविली. हे काय थोडे झाले?

तिसरी चाळणी अनुभवाची. एरंडेल चोळलेल्या खांबावर एकदा तरी अढी घालून पाहा. मांड्यांची पकड सुटते, छाती खरचटते, घाम फुटतो. ती पकड एका रात्रीत येत नाही, वर्षे लागतात. मग मारुती कोठून आला? अहो, प्रत्येक तालमीत मारुती असतोच! पैलवान त्याला नमस्कार केल्याशिवाय मातीत उतरत नाही. विद्येचे श्रेय देवाला देणे ही नम्रता झाली. झाडाला बिलगणाऱ्या माकडाकडे पाहून पकड सुचली असेल, तर त्यातही नवल नाही.

दादा पुढे ब्रह्मावर्तास गेले आणि तेथे झाशीची राणी व तात्या टोपे त्यांच्या हाताखाली शिकले, असेही सांगतात. पण दोन नावे एका गावात आली, एवढ्यावरून गुरुशिष्याचे नाते सिद्ध होत नाही. शक्य असणे निराळे, घडलेले असणे निराळे.

"कशाला ही चिकित्सा? गोष्ट गोड आहे ना!" असे कोणी म्हणेल. गोष्ट जरूर सांगावी, पण गोष्ट म्हणून सांगावी. एकदा तालमीत एक पोरगा मला म्हणाला, "सर, त्यांना मारुती प्रसन्न होता. आपल्याला कोठून जमायचं?" आणि तो पुन्हा तालमीत आला नाही. स्वप्नाची गोष्ट खरी धरली की वस्तादाची मेहनत पुसली जाते आणि शिष्याचा धीरही.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. आपल्या गावच्या जुन्या वस्तादांची माहिती मुलांकडून लिहून घ्या. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेले, उजवीकडे कानांनी ऐकलेले. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख दोन्हीकडे घाला. उजवी बाजू फाडू नका. तीत गावाचे प्रेम आहे. पण वस्तादांचे खरे मोठेपण डाव्या बाजूलाच सापडेल.