मानेच्या शस्त्रक्रियेनंतरचा पहिला घोट

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन जी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यांतील स्त्रिया ३०-४० किलोंची मोळी डोक्यावर घेऊन, अरुंद फळीवरून तोल सावरीत, वाहनात चढत असतात. आणि डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके लवकर झिजतात, असे निरनिराळ्या देशांत झालेल्या तपासण्यांत आढळले आहे. झीज केवळ ओझ्यानेच होते असे नाही. वयोमानाने ती सर्वांनाच गाठते. मणक्यांमधील चकती सरकते, हाडांना कंगोरे फुटतात, हातांना मुंग्या येतात, आणि मग ‘मणक्यात गॅप आला, नस दबली’ असे निदान कानी घेऊन माणूस मानेला पट्टा बांधून घरी येतो. पुष्कळांना तेवढ्याने उतार पडतो. ज्यांचा मज्जारज्जूच दाबला जाऊ लागतो, ज्यांच्या हातून पेला निसटतो आणि चालताना पाय अडखळतो, त्यांना मात्र शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

मणक्यांवरची शस्त्रक्रिया मागूनच होत असावी, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु मज्जारज्जूवरील दाब बहुधा पुढून येत असल्यामुळे आणि मागून गेल्यास वाटेत मज्जारज्जूच आडवा येत असल्यामुळे, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील रॉबर्ट रॉबिन्सन व जॉर्ज स्मिथ यांनी १९५५ साली, आणि होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी १९५८ साली, गळ्याच्या पुढच्या अंगाने आत शिरण्याची पद्धत मांडली. आज जगभर तीच रूढ आहे. गळ्याच्या वळीत दोन-तीन बोटांचा छेद घेऊन, मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी एका बाजूस आणि श्वासनलिका व अन्ननलिका दुसऱ्या बाजूस सारून, मधल्या नैसर्गिक फटीतून शल्यचिकित्सक मणक्यांपर्यंत पोहोचतो, सरकलेली चकती काढून टाकतो, तिच्या जागी हाडाचा तुकडा अथवा कृत्रिम ठोकळा बसवतो आणि बहुधा टायटेनियमची पट्टी स्क्रूंनी घट्ट करतो. या पद्धतीने असंख्य माणसांना त्यांचे हातपाय परत मिळाले आहेत.

परंतु या वाटेवर अन्ननलिका मणक्यांना अगदी लगटून आहे. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही नलिका मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर सुरू होते, आणि ज्या चकत्या सर्वांत अधिक झिजतात त्या नेमक्या पाचव्या, सहाव्या व सातव्या मणक्यांच्या दरम्यानच्या. शिवाय घशाच्या मागील भिंतीत स्नायूंची वीण जिथे विरळ आहे ती जागाही तिथेच. आतड्यांवर असते तसे बाहेरचे चिवट आवरण अन्ननलिकेला लाभलेले नाही. रिकामी असताना ती मोटेच्या सोंडेसारखी चपटी होऊन पडते, आणि पूर्वी त्या जागी शस्त्रक्रिया, अपघात वा किरणोपचार झालेले असतील तर भोवतालच्या चिकटलेल्या पेशीजालातून ती वेगळी ओळखणे अनुभवी नजरेलाही कठीण जाते. मग कधी अवयव बाजूला धरणाऱ्या आकड्याच्या कडेने, कधी फिरत्या अवजाराच्या टोकाने, तर कधी दीर्घकाळच्या ताणामुळे रक्तपुरवठा मंदावून तिला छिद्र पडते. असे घडण्याचे प्रमाण बहुतेक नोंदींत हजारात दोन-चार इतकेच असून, काही नोंदींत ते शंभरात एक-दीडपर्यंत जाते. आकड्याच्या धारा मणक्यांलगतच्या स्नायूंखाली बसवणे, अधूनमधून ताण सैल करणे, शंका आल्यास नळीतून रंगीत द्रव सोडून गळती पाहणे, या खबरदाऱ्या जाणकार शल्यचिकित्सक घेत असतातच. तरीही हा उपद्रव सर्वथा टळतो असे नाही, आणि तो घडला म्हणजे कोणाची कसूर झालीच, असे समजणेही न्यायाचे होणार नाही.

खरा घात होतो तो दिरंगाईने. छिद्रातून लाळ आणि अन्न गळ्याच्या खोल थरांत झिरपते, तिथे पू धरतो, आणि हे थर खाली थेट छातीच्या मध्यभागापर्यंत मोकळे असल्यामुळे विषारी दाह हृदयाच्या आसपास जाऊन पोहोचतो. हॉलंडमधील बोअरहाव्ह या वैद्याने १७२४ साली अन्ननलिका फुटून मृत्यू पावलेल्या एका दर्यासारंगाची हकिकत लिहून ठेवली; त्यानंतर सव्वादोनशे वर्षे हा विकार बहुधा प्राणघातकच मानला जात होता. आज तसे नाही. मानेतील छिद्र छातीतल्या छिद्राहून पुष्कळ सौम्य ठरते, आणि चोवीस तासांच्या आत इलाज सुरू झाल्यास बहुसंख्य रुग्ण वाचतात. विलंब झाल्यास मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करावा. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरांचा हा मुलूख. लोणीचे प्रवरा रुग्णालय, विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालय अशी मोठी केंद्रे आपल्याकडे आहेत, आणि मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सव्वाशे किलोमीटरांवरील पुण्याची वाट धरणारेही पुष्कळ आहेत. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली की थोड्याच दिवसांत रुग्णाची घरी रवानगी होते. त्यानंतरचे दिवस अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीत किंवा जामखेडच्या माळावरच्या वस्तीत जातात, आणि उपद्रवाची पहिली चिन्हे पुष्कळदा त्याच दिवसांत डोके वर काढतात.

शिवाय ही चिन्हे फसवी असतात. या शस्त्रक्रियेनंतर गिळताना दुखणे ही नित्याची गोष्ट असून, ते बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. परंतु वेदना दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत चालली, ताप चढला, गळा सुजला, जखमेतून लाळ वा खाल्लेले अन्न पाझरू लागले, अथवा गळ्यावरून बोट फिरवताना कातडीखाली हवेचे बुडबुडे कुरकुरल्यासारखे लागले, तर ते साधे दुखणे नव्हे. अशा वेळी आपल्या घरांतून माया कशी व्यक्त होते ते पाहावे: आई दुधात भाकरी कुस्करते, बहीण पेज आणते, शेजारीण हळदीचा लेप लावून गळा शेकते, आणि ‘दोन घास पोटात गेले म्हणजे ताकद येईल’ म्हणून सारे आग्रह करतात. त्या मायेविषयी मला नितांत आदर आहे. म्हणूनच कळकळीने सांगतो की, छिद्र पडलेल्या अन्ननलिकेतून गेलेला प्रत्येक घोट जखमेत उतरतो. तोंडावाटे अन्नपाणी तत्काळ बंद करून रुग्णाला मूळ रुग्णालयात नेणे, हीच त्या घटकेची सेवा होय.

तिथे क्ष-किरणांत दिसणारा द्रव गिळायला देऊन, सीटी स्कॅन करून, दुर्बिणीने आत पाहून छिद्राचा शोध घेतला जातो. एखादी तपासणी निर्दोष आली तरी शंका पुरती फिटत नाही, कारण लहान छिद्रे दृष्टीस चुकतात. पुढे पू काढणे, प्रतिजैविके देणे, नाकातून अथवा पोटावरील नळीतून अन्न पोहोचवणे, छिद्र शिवून त्यावर मानेच्या स्नायूचा पदर आणून बसवणे, आणि गरज पडल्यास पट्टी-स्क्रू काढून टाकणे, असा आठवड्यांचा, कधी महिन्यांचा उपचार चालतो. क्वचित सैल झालेला स्क्रू वर्षानुवर्षे अन्ननलिकेच्या भिंतीला घासून तिला भोक पाडतो; तो तोंडावाटे किंवा शौचावाटे बाहेर पडल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून दहा वर्षांपूर्वी अशी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला नव्याने गिळताना त्रास होऊ लागला, तर त्याने जुने कागद बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारून, अल्पशिक्षित खेडूत स्त्रियाही आजाराची लक्षणे अचूक ओळखू शकतात, हे साऱ्या जगाला दाखवून दिले. त्याच जिल्ह्यात शस्त्रक्रियेनंतरची ही चार-पाच चिन्हे गावच्या आशाताईला शिकवणे अशक्य नाही. आणि शल्यचिकित्सकांना विनंती एवढीच की, रुग्णाला घरी सोडताना हातात पडणाऱ्या इंग्रजी कागदावर ही चिन्हे, ‘तोंडाने काही देऊ नका’ ही सूचना आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक, ठळक मराठी अक्षरांत लिहून द्यावा.